टेकडीवर झाडं लावायची घाई नको

जून उजाडला की आमच्या टेकडीच्या ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो यायला लागतात. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरणारी ही सगळी मंडळी, त्यातले निम्मे तरी मला लहानपणापासून ओळखतात, आणि यंदा माझ्या मावसभावानेच लिहिलं, "ताई, वरचा सगळा भाग उघडा बोडका पडलाय, या पावसाळ्यात हिरवा करून टाकू." मी हॅम्बुर्गमधे बसून ते वाचलं आणि अस्वस्थ झाले, कारण आदल्याच रविवारी मी एका उघड्या बोडक्या टेकडीवर जाऊन आले होते आणि ती तशीच उघडी राहावी म्हणून इथले लोक शंभर वर्षांहून जास्त काळ झटतायत.

ती टेकडी म्हणजे विल्सेडर बेर्ग. हॅम्बुर्गच्या दक्षिणेला ल्युनेबुर्गर हायडे नावाचा मोठा नेचर पार्क आहे, हायडे म्हणजे रेताड जमिनीवर गुडघ्याएवढ्या झुडपांचा माळ. ट्रेनने बुखहोल्झपर्यंत जायचं, सीझनमधे तिथून फुकट बस असते, उंडेलोहला उतरायचं आणि वाळूच्या वाटेने चालत सुटायचं. मधे विल्सेडे गाव लागतं, तिथे गाड्यांना बंदी आहे, फक्त घोडागाड्या चालतात. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून फक्त १६९ मीटर, म्हणजे आपला लक्ष्मी रोडसुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी उंचावर आहे. पण वर पोचलं की चहूबाजूंनी नजर मोकळी सुटते आणि हवा स्वच्छ असेल तर पार हॅम्बुर्गचे मनोरे दिसतात. १८२० च्या दशकात गाउस या गणितज्ञाने हॅनोवर राज्याची जमीन मोजली तेव्हा हे टोक त्याने वापरलं होतं, आणि त्या मोजणीच्या त्रिकोणांच्या जाळ्याचा एक भाग पुढे जर्मनीच्या दहा मार्कच्या नोटेवर मागच्या बाजूला छापला गेला. इथे दाट झाडी असती तर त्याला लांबच्या खुणा दिसल्याच नसत्या.

आता मुद्द्याचं. हा माळ इथे आपोआप नाही झालेला. फार पूर्वी इथे जंगल होतं, ते माणसांनी तोडलं, मेंढ्या चारल्या, आणि जमिनीचा वरचा थर झुडपांसकट कापून गोठ्यात अंथरायचा आणि मग तोच शेणखतासकट शेतात टाकायचा, असं शतकानुशतकं चाललं. जमीन निकस झाली आणि त्यात हे झुडूपच तेवढं टिकलं. एकोणिसाव्या शतकात रासायनिक खतं आली, लोकरीला भाव राहिला नाही, मेंढ्या कमी झाल्या आणि जिकडे तिकडे पाइनची लागवड सुरू झाली. तेव्हा एगेस्टोर्फ गावचे पाद्री विल्हेल्म बोडे यांनी १९०६ मधे खटपट करून टोटेनग्रुंड नावाचं खोलगट खोरं विकत घेववलं, नाहीतर तिथे सुट्टीचे बंगले होणार होते. १९०९ मधे त्यासाठी संस्था निघाली, १९१० मधे टेकडीही घेतली आणि १९२२ पासून या सगळ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आज ते २३४ चौरस किलोमीटर आहे.

पण नुसतं संरक्षण देऊन भागत नाही. चार-पाच वर्षं लक्ष दिलं नाही की बर्च आणि पाइनची रोपं वर येतात आणि बघता बघता माळाचं रान होतं. म्हणून मेंढ्या लागतात. हायडश्नुके म्हणतात त्यांना, करड्या लोकरीच्या, काळ्या तोंडाच्या, मागे वळलेल्या शिंगांच्या. परवा टोटेनग्रुंडच्या कडेला मला असाच एक कळप भेटला, दोन-तीनशे तरी असतील, पुढे मेंढपाळ काठीवर रेलून उभा आणि दोन कुत्री कडेकडेने पळतायत. मी खाली बसून बघत राहिले. एक मेंढी वीतभर उंचीच्या बर्चच्या रोपापाशी थांबली, शेंड्याची पानं कुरतडली, मग सालीला दात लावले आणि पुढे गेली. एवढंच. तो दहा सेकंदांचा घास या सगळ्या माळाला उघडं ठेवतो. मेंढपाळाशी दोन शब्द बोलले तर तो म्हणाला की कोळ्याची जाळी पण मेंढ्यांच्या पायाने तुटतात आणि मग मधमाश्यांना फुलांवर जाता येतं. ऑगस्टमधे फुलं आली की मधाच्या पेट्या इथे आणून ठेवतातच.

हे सगळं बघताना मला सतत आपला धनगर आठवत होता. तीच काठी, तीच कुत्री, वर घोंगडी, घोड्यावर बिऱ्हाड, रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढ्या आत. फरक एवढाच की इथे या माणसाला माळ राखायचा पगार मिळतो आणि आपल्याकडे त्याच्याकडून चराईबंदीच्या नावाखाली दंड घेतात. वर्षानुवर्षं ज्या माळावर मेंढ्या नेल्या तिथेच एके वर्षी चर खणलेले असतात, त्यात रोपं लावलेली असतात आणि पाटी असते. सरकारच्या नकाशात या माळांना पडीक जमीन म्हणतात, मग पडीक म्हटल्यावर कोणीही यावं आणि काहीही करावं, आज सोलर, उद्या लागवड. २०१९ मधे राज्याचं ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, एवढी झाडं लावायला जागा कुठली शोधणार, मोकळी दिसेल तीच ना. माझी तक्रार झाडांबद्दल नाही हो, रस्त्याकडेला लावा, ओढ्याकाठी लावा, सोसायटीत लावा, मीच पैसे पाठवते. माळावर लावू नका एवढंच म्हणणं आहे.

वेताळ टेकडीवरच बघा. कित्येक वर्षांपूर्वी लावलेलं गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, आज किती माजलीये. तिच्याखाली गवताची काडी नीट येत नाही. लांबून हिरवं दिसतं हे खरं, पण जिथे गवत होतं तिथे टिटवी जमिनीवर अंडी घालायची, चंडोल उडत उडत गायचा, त्याला ही झाडी काय उपयोगाची? सोलापूरकडे नान्नजला १९७९ मधे माळढोकसाठी अभयारण्य केलं, त्या पक्ष्याला लांबवर दिसणारं मोकळं गवत लागतं, आणि आज तो दिसला तर नशीब.

भाऊ म्हणाला, "पण ताई, आपल्याकडे आधी जंगलच असणार ना, ब्रिटिशांनी तोडलं असेल." हे मला पण लहानपणापासून असंच वाटायचं. मधे काही अभ्यासकांनी जुन्या मराठी ओव्या, चरित्रं, कथा चाळून त्यात कुठली झाडं येतात ते शोधलं, तर बहुतेक मोकळ्या माळावर वाढणारीच निघाली, बाभूळ, तरवड असली. पंढरपूरला कान्होपात्रेची आठवण म्हणून ज्या झाडाला हात जोडतात ते तरटीचं, ते पण कोरड्या माळाचंच. म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत माळ जुनाच आहे. इथला हायडे तर जंगल तोडून झालेला आणि तरी त्याला एवढं जपतात, मग आपल्या माळाला पडीक कशाला म्हणायचं.

आता इथलं सगळंच छान आहे असं मी म्हणणार नाही. मेंढ्या, मशीनने वरचा थर काढणं, थंडीत ओल असताना देखरेखीखाली जाळणं, एवढं करूनही इथला बिर्कहून नावाचा काळा रानकोंबड्यासारखा पक्षी संपत आलाय. आजूबाजूच्या शेतीतून हवेत नायट्रोजन येतो आणि माळावर गवत माजतं. शिवाय लांडगे परत आलेत आणि त्यांच्यावरून मेंढपाळ आणि निसर्गप्रेमी यांची कडाक्याची भांडणं चालू असतात, आपल्यासारखीच. आणि पैसा तर लागतोच, मेंढपाळाचा पगार मेंढ्यांच्या मांसातून निघत नाही. वणव्याचं तर आपल्याकडे इथलं बघून काही करूच नये, आपल्याकडे उन्हाळ्यात कडक वाळलेल्या गवताला कोणीतरी काडी लावतं, ते वेगळं आणि हे वेगळं.

कासचं उदाहरण तर घरचंच आहे. फुलं वाचवायची म्हणून पठाराला जाळी मारली, गुरं आत यायची बंद झाली, मग काही वर्षांनी तिथलेच लोक सांगायला लागले की गवत वाढलंय आणि फुलं कमी झालीत, आणि शेवटी जाळी काढावी लागली. गर्दी आवरायला हवीच, सप्टेंबरमधल्या रविवारी तिथे किती माणसं असतात ते मी बघितलंय, पण गुरं आणि गाड्या यांना एकाच मापाने मोजलं ते चुकलं. साताऱ्यातले गुराखी हे आधीपासून सांगत होते, त्यांना कोणी विचारलं नाही.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, जरा लांबलंच. काकांनी अंगठा दिला, दोघांनी विचारलं की आता तू जर्मनीत बसून आम्हाला शिकवणार का, ते मी समजू शकते. भाऊ रात्री फोनवर म्हणाला की वरच्या सपाटीवरचे खड्डे यंदा थांबवू, रोपं खाली नाल्याच्या कडेला घेऊ, पण नुसतं गवत गवत म्हणून चालणार नाही, कुठलं गवत ते दाखवायला तूच ये. मी ऑक्टोबरचं तिकीट काढलंय. तेव्हा पवन्या आणि मारवेल निसवलेलं असतं, कुसळं मोज्यांत घुसतात, आणि सकाळी सातच्या आत गेलं तर अजून एखादा चंडोल ऐकू येतो.