काखेत बॉल आणि बोर्डावर घड्याळ

गेल्या काही आठवड्यांत आमच्या गावच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काही चाललंय ते बघून मला हसायलाही येतंय आणि थोडं कसंतरीही होतंय, कारण तोच वाद मी इथे इंडियानात, पोराच्या शाळेच्या जिममध्ये, लाकडी बाकड्यावर बसून ऐकलाय. भाषा वेगळी, खेळ वेगळा, भांडण मात्र डिट्टो तेच.

गावचा वाद असा. रोह्याजवळ आमचं गाव, जत्रेला कबड्डीची स्पर्धा, आणि यंदा कोणीतरी म्हणालं की शाळेच्या पोरांच्या गटातसुद्धा 'तिसरी चढाई' लावायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत पॉइंट आणायलाच लागतो, नाही आणला तर चढाई करणारा बाद आणि समोरच्यांना पॉइंट. टीव्हीवर 'डू ऑर डाय' म्हणतात ते हेच. 2014 ला प्रो कबड्डी आली आणि हा नियम घराघरात पोचला. तर ग्रुपवर जुनी मंडळी म्हणतात की याने कबड्डीतला संयम गेला, आता फक्त आडदांड पोरं जिंकणार. नवी मंडळी म्हणतात की तुमचा संयम बघायला कोणी थांबत नाही, पोरगा 'निदान रेषा' ओलांडतो (ती ओलांडली नाही तर चढाईवालाच बाद), दोन उड्या मारतो, परत येतो, समोरचा पण तेच करतो, तोपर्यंत पब्लिक वडापावच्या गाडीवर.

आता इथलं सांगतो.

अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक सगळीकडे नाहीये. म्हणजे बॉल हातात आल्यावर अमुक सेकंदात बास्केटकडे टाकायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. एनबीएत, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, 24 सेकंद आहेत, कॉलेजात 30, पण शाळांचं ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. शाळांचे नियम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने 2021 मध्ये एवढंच सांगितलं की 2022-23 पासून ज्या राज्याला हवं त्याने 35 सेकंदांचं घड्याळ लावावं. काहींनी लावलं, काही म्हणाले बघू. 2023-24 च्या सिझनला, ज्या मॅचबद्दल मी सांगतोय तेव्हा, इंडियानात नव्हतं.

ती मॅच. आमच्या पोरांची टीम बुटकी, समोर एक सहा फूट आठ इंचाचा मुलगा, तो नुसते हात वर करून उभा राहिला तरी आमच्या पोरांना बास्केट दिसेना. हाफटाइमला 11-9, आम्ही दोनने पुढे, कसे ते देव जाणे. तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि आमच्या कोचने मूठ वर केली. झालं. आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ मांडणारा पोरगा, अर्ध्या कोर्टाच्या रेषेजवळ बॉल काखेत धरून उभा. नुसता उभा. समोरची पाच पोरं आपल्या बास्केटखाली हात पसरून, ती पण उभी. आठ मिनिटांच्या क्वार्टरपैकी जवळजवळ सहा मिनिटं हे चित्र. बँडवाल्या पोरांनी आधी दोनदा वाजवलं, मग वाद्यं मांडीवर ठेवली. मागून कोणीतरी ओरडलं की आम्ही तिकीट काढलंय रे! आणि माझा पोरगा कोपऱ्यात, गुडघ्यावर हात ठेवून, मधूनच बुटाची लेस बघतोय.

माझ्या शेजारी एक आजोबा बसलेले, पॉपकॉर्नचा कागदी डबा घेऊन, ते मात्र खूश. मला म्हणाले, तू इथला नाहीस ना, मग तुला मिलानचं माहीत नसेल. माहीत होतं, इंडियानात राहून ते माहीत नसणं म्हणजे रायगडात राहून शिवरायांचं नाव न ऐकण्यासारखं आहे, पण मी ऐकून घेतलं. 1954 ची स्टेट फायनल. मिलान नावाचं खेडं, शाळेत 161 पोरं, समोर मन्सी सेंट्रल, मोठ्या शहराची दादा टीम. आणि शेवटच्या क्वार्टरला मिलानचा बॉबी प्लम्प चार मिनिटं तेरा सेकंद बॉल धरून उभा राहिला. दोन पॉइंटने मागे असताना! पुढे नाही, मागे. मन्सीवाले पुढे होते म्हणून तेही आले नाहीत अंगावर. शेवटी त्याच प्लम्पने अखेरच्या क्षणी बास्केट केली, 32-30. त्यावर पुढे सिनेमा निघाला, लोक अजून डोळ्यात पाणी आणून सांगतात.

म्हणजे या राज्याची जी सगळ्यात पवित्र मॅच आहे तिच्यात चार मिनिटं काहीही घडलं नाही. गंमत बघा, त्याच 1954 मध्ये एनबीएने 24 सेकंदांचं घड्याळ आणलं. त्याच्या आधी 1950 ला फोर्ट वेन, म्हणजे आमच्याच इंडियानातली टीम, मिनियापोलिसच्या लेकर्सशी 19-18 ने जिंकली होती, पूर्ण मॅचचा स्कोर बरं का हा, आणि प्रेक्षक वैतागले होते. सिरॅक्यूजच्या टीमचा मालक डॅनी बियासोनी याने साधा हिशोब केला की मॅच 48 मिनिटांची म्हणजे 2880 सेकंद, चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून 120 शॉट होतात, भागा, 24 आले. पहिल्याच सिझनला टीमचा सरासरी स्कोर 79 वरून 93 वर गेला. किराणा दुकानदाराने वहीवर मांडावा तसा हिशोब, पण खेळ बदलला.

कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉलला मात्र अजून तीस वर्षं लागली. 1982 ला नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया यांची कॉन्फरन्सची, म्हणजे त्यांच्या कॉलेजांच्या गटाची, फायनल टीव्हीवर होती, एका बाजूला कोवळा मायकल जॉर्डन आणि दुसऱ्या बाजूला सात फूट चार इंचाचा राल्फ सॅम्पसन, आणि स्कोर किती तर 47-45, कारण कोच डीन स्मिथने पोरांना चार कोपऱ्यात उभं करून बॉल फिरवत ठेवला. जॉर्डन कोर्टवर आणि लोक बघतायत पासिंगची प्रॅक्टिस. 1985-86 ला कॉलेजात 45 सेकंदांचं घड्याळ आलंच.

आता माझी मॅच संपवतो. आम्ही हरलो. 24-21. शेवटच्या क्वार्टरला ते एकदा पुढे गेले आणि मग आमच्या पोरांना आठ मिनिटांत जे करायचं होतं ते करायची सवयच मोडलेली होती. गाडीत बसल्यावर पोरगा सीटबेल्ट लावत म्हणाला, "बाबा, आज मी बॉलला चार वेळा हात लावला." हरल्याचं नाही बोलला. त्याने मोजलं होतं.

मी चिडलो होतोच. रात्री इथून फोन लावला, तिकडे अण्णांचा सकाळचा चहा. अण्णा म्हणजे माझे वडील, गावात दहाएक वर्षं पोरांना कबड्डी शिकवली त्यांनी. मी सगळं सांगितलं, कोचला शिव्या घातल्या. अण्णा ऐकून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. समोरची टीम काय झोपली होती?"

म्हटलं, "म्हणजे?"

"अरे, ते मागे होते ना? मग यायचं की अंगावर. कोणी अडवलं होतं?"

आणि खरंच आहे. नियमातच आहे की बचाव करणारा सहा फुटांच्या आत येऊन उभा राहिला तर रेफरी पाच सेकंद मोजतो, मग बॉलवाल्याला काहीतरी करावंच लागतं. पण कोणी आलंच नाही तर मोजायचं काय? त्या लंबूला बास्केटखालून हलवायचं नव्हतं त्यांना. म्हणजे दोन्ही कोचनी न बोलता करार केलेला आणि आम्ही शिव्या फक्त एकाला घातल्या. 2022 ला ओक्लाहोमात एक हायस्कूल मॅच 4-2 ने संपली, ती बातमी इथे सगळीकडे फिरली, सगळे बॉल धरणाऱ्यांवर तुटून पडले. चार-दोन असा स्कोर व्हायला दहा पोरं उभी राहावी लागतात. कबड्डीत पण तसंच, रिकामी चढाई एकटा चढाईवाला करत नाही, सातही जण साखळी धरून मागे मागे सरकतात तेव्हा ती रिकामी होते.

आपल्याकडे वेळ काढण्याला तसं कोणी फार वाईट म्हणत नाही. मुंबईचं क्रिकेट तर खडूसपणावर मोठं झालं. 1975 च्या वर्ल्ड कपात लॉर्ड्सवर गावसकरने 60 ओव्हर खेळून 174 बॉलमध्ये नाबाद 36 केल्या त्याला मात्र कोणी संयम म्हटलं नाही, पण हेच कसोटीत केलं असतं तर म्हणालो असतो वा, काय टेंपरामेंट. खेळ कोणता आणि आपण कुठे बसलोय यावर ठरतं सगळं.

घड्याळाच्या विरोधात इथे जे बोलतात ते मला पूर्ण चूक वाटत नाही. लहान शाळेला बोर्डावर काही हजार डॉलर घालायचे, वर ते चालवायला टेबलावर एक जादा माणूस बसवायचा, तो चुकला की आरडाओरडा. आणि मुख्य म्हणजे दुबळ्या टीमचं एकच हत्यार काढून घेताय. मिलानकडे 35 सेकंदांचं घड्याळ असतं तर मिलान आज कोणाला माहीत नसतं. अण्णांचं पण तेच म्हणणं होतं अनेक वर्षं, त्यांची पोरं बारकी असायची, शेतात राबणारी पण अंगाने काटक, आणि ते त्यांना सांगायचे की दोनने पुढे आहात ना, आता निदान रेषा जेमतेम ओलांडून परत या.

पण प्रो कबड्डी नीट बघितली तर एक गोष्ट दिसते. तिसरी चढाई आल्यावर वेळकाढूपणा बंद झाला का? अजिबात नाही. आता टीम दोन चढाया मुद्दाम रिकाम्या घालवतात आणि तिसरीची वाट बघतात, बचाववाले पण तेच, तिसरीला घेरू म्हणतात. एनबीएत पण कितीदा पंधरा सेकंद नुसता बॉल टप टप आपटतात आणि मग धावपळ. नियमाने वेळकाढूपणा मरत नाही हो, त्याचं रेशनिंग होतं. पण मला तेवढं पुरेसं आहे. माझ्या पोराला सहा मिनिटं उभं करण्याऐवजी पंचवीस सेकंद उभं करा, मग पळू द्या. तो घरी आल्यावर त्याने चारच्या जागी वीस मोजावेत.

आणि एक सांगतो, दोन्हीत आपला नियम मला जास्त हुशार वाटतो. शॉट क्लॉक संपलं की फक्त बॉल जातो. तिसरी चढाई फसली की माणूस बाद आणि पॉइंट समोरच्याला, म्हणजे बारक्या टीमला नुसतं जीव मुठीत धरून बसायचं नाही, तिला तिथे कमाई आहे. ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना मी हेच लिहिलं की आडदांडांचा फायदा होणार हे धरून चालू नका, चार बारकी पोरं तिसऱ्या चढाईला कोपऱ्यात जशी धरतील तशी एरवी धरणार नाहीत. यावर दोन अंगठे आले आणि एकाने लिहिलं, "तिकडे बसून बोलायला काय जातंय." बरोबर आहे, काही जात नाही. मी सतरा वर्षांत जत्रेला तीनदा आलोय.

तरी अण्णांनी शेवटी बाजू बदलली. मला वाटलं माझं पटलं. तर नाही, म्हणाले, पोरं आता मोबाइलवर टीव्हीतलीच कबड्डी बघून येतात, त्यांना दुसरी येतच नाही, मग आपण कोणती शिकवणार. एकच अट घातली, घड्याळ आपण स्वतः बघणार. चढाईचे तीस सेकंद मोजायला त्यांना नातवाने गेल्या वेळी दिलेला स्टॉपवॉच सापडलाय, सेल बदलायचाय म्हणे.

इकडे शाळेने पालकांना फॉर्म पाठवला होता, शॉट क्लॉक असावं का, हो किंवा नाही, खाली मत लिहायला एक चौकोन. मी 'हो' वर टिचकी मारली आणि चौकोनात रायगड जिल्ह्यातल्या तिसऱ्या चढाईवर दोन परिच्छेद लिहिले. पोरगा मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "बाबा, प्लीज, निदान माझं नाव तरी काढ त्यातून."