माल जाऊ द्या, कागद मागून येतील

परदेशातून माल आणणाऱ्यानं कस्टमला घाबरावं, हे समजू शकतं. तुमचा माल तर बाहेर चाललाय! देशाला परकीय चलन मिळणार. खरं तर बंदराच्या फाटकावर तुमचा सत्कार व्हायला हवा. त्याऐवजी काय पाठवताय, किती, कितीचं, कोणाला, असल्या चौकशा होतात. म्हणून निर्यातीचं घोषणापत्र भरण्याविषयी हे चार शब्द, विनामूल्य.

आधी घाई सोडा. जहाजानं जाणाऱ्या मालाची माहिती कॅनडाला लोडिंगच्या ४८ तास आधी लागते, लांबच्या समुद्रप्रवासाच्या कंटेनरची युरोपीय संघाला २४ तास आधी. ही मुदत म्हणजे काम सुरू करायची वेळ, असा अर्थ घ्यावा. तोवर फॉरवर्डरचा, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था बघणाऱ्या एजंटचा, फोन उचलू नका. लवकर भरलं की चुका सापडतात, आणि सापडल्या की दुरुस्त कराव्या लागतात. ही मुदत चुकलीच, तर कंटेनर यार्डात मुक्काम करील आणि त्याचं भाडं कोणी भरायचं यावर खरेदीदाराशी तुमचा पत्रव्यवहार वाढेल.

समजा, पंप पाठवताय. मालाचं वर्णन 'यंत्राचे सुटे भाग'. बस्स. जागतिक कस्टम संघटनेचे मालाच्या वर्गवारीचे एचएस कोड १९८८ पासून लागू आहेत, त्यात पाच हजारांहून जास्त गट आहेत. पंप वेगळा, पंपाचे भाग वेगळे, असली चिरफाड करायला त्यांना वेळ आहे, तुम्हाला नाही. गेल्या खेपेचा सहा आकडी कोड चिकटवा. ही यादी २०२२ मध्ये बदलली म्हणतात. तुमची एक्सेल फाइल त्याहून जुनी आणि म्हणूनच जास्त विश्वासाची.

आता कोणी म्हणेल, तुमचा पंप सील नसलेला, गंजाला दाद न देणारा, रसायनांसाठीचा आहे, परवाना लागेल का बघा. लक्ष देऊ नका. अशा काही पंपांची नावं ऑस्ट्रेलिया ग्रुप या देशांच्या गटाच्या निर्यात-नियंत्रण यादीत आहेत खरी. इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रं वापरली गेल्यावर १९८५ मध्ये हा गट जमला, कारण खतातली रसायनं फिरवणारा पंप भलतंसलतंही फिरवू शकतो. पण तुमचा खरेदीदार सज्जन आहे. ईमेलच्या शेवटी तो 'सादर' लिहितो. पंप नेमका कोण वापरणार, हे विचारून त्याचा अपमान कशाला?

वजन अंदाजे लिहावं, आणि प्रत्येक कागदावर वेगळं. हा मार्ग चोखाळलेला आहे. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली' या जहाजाचा सांगाडा तडकला. डेकवरचे कोरडे राहिलेले सुमारे ६६० कंटेनर नंतर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांच्या वजनात जाहीर आकड्यापेक्षा तीन टनांहून जास्त फरक निघाला. एकात तर वीस टनांचा! वीस टन म्हणजे टंकलेखनाची चूक नव्हे, ती प्रतिभा. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. गुणी माणसांवर असा अविश्वास.

हे सगळंच टाळायचं असेल तर एक्स-वर्क्स अटीवर विका. कारखान्याच्या दारात माल दिला की तुम्ही मोकळे, निर्यातीची क्लिअरन्स खरेदीदाराच्या गळ्यात. तो परदेशात, त्याची इथं नोंदणी नाही, आणि युरोपीय संघासारख्या ठिकाणी घोषणापत्रावरचा निर्यातदार सहसा तिथलाच लागतो, हा त्याचा प्रश्न. एफसीएमध्ये, म्हणजे माल खरेदीदाराच्या वाहतूकदाराच्या हवाली करण्याच्या अटीत, क्लिअरन्स विक्रेत्याकडे येते, आणि ती नीट पारही पडते. म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

माल पोहोचला की कागद ठेवायचा छंदही नको. अमेरिका निर्यातीची कागदपत्रं पाच वर्षं ठेवायला सांगते, कॅनडा सहा. चौथ्या वर्षी तपासनीस आला आणि त्याच पंपांची मूळ इनव्हॉइस मागू लागला, तर शांतपणे सांगा की ती ज्याच्या लॅपटॉपवर होती तो नोकरी सोडून गेला आणि लॅपटॉप भंगारात विकला. फक्त तो परदेशी विकला असेल तर गप्प बसा. त्याचंही घोषणापत्र मागतील.