आधी आरपीएम विचारा, मग पंखा विका

बोट पळत नाही म्हटलं की धक्क्यावर उभा असलेला जो तो एकच सांगतो, पंखा (प्रोपेलर) बदला, पिच म्हणजे पात्यांचा पीळ वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर मोठं इंजिन लावा. दोन महिने हेच ऐकतोय आणि आता डोकं फिरलंय माझं. फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण जोरात, इंजिन किती आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतं, एवढं एकानेही विचारलं नाही. एकानेही!

आमची ४.७ मीटरची रिब आहे, म्हणजे तळ कडक आणि कडेला हवेच्या ट्यूब असलेली बोट, मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. ही मिरवायची बोट नाही. लहान पोरं शिडाच्या होड्या शिकतात, त्यांच्यामागे राहायला ती घेतली. दुपारनंतर वायव्येचा वारा चढला की दोन-तीन होड्या एकदम कलंडतात. त्यात ओहोटी लागलेली असली की दहा वर्षांचं पोर उलट्या होडीला धरून बंदराच्या तोंडाकडे वाहत जातं. तिथे २४ नॉट (ताशी सागरी मैल) आणि १८ नॉट यांतला फरक काय असतो, ते त्या पोराच्या आईला विचारा. "छोट्या बोटीला एवढा वेग कशाला" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ऑक्टोबरात दोन माणसं घेऊन ती २४ नॉट जायची. जानेवारीच्या शेवटी १८ वर आली. मेहुणा म्हणाला, दुकानात विचारून बघू. दुकानदाराने बोट पाहिली नाही, इंजिन पाहिलं नाही, काउंटरच्या मागून निदान केलं. "१३ चा पंखा आहे ना? १५ चा लावा दादा. एका फेऱ्यात दोन इंच जास्त पुढे जाईल."

ऐकायला हिशेब बरोबर वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल ते, पण तो फेरा पुरा करायला इंजिनात दम लागतो ना? पिच एक इंच वाढवली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने उतरतात. आमच्या इंजिनाची फुल थ्रॉटलची मर्यादा ५००० ते ६०००, आणि ते आधीच ४८०० वर अडकलेलं. म्हणजे बिचारं आधीच ओझ्याने वाकलं होतं आणि या माणसाने त्याच्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवली. १४ हजार रुपये घेऊन! नवा पंखा लावल्यावर आरपीएम ४४००, वेग साडेसतरा. तक्रार केली तर म्हणे, "सेट व्हायला वेळ लागतो, चालवत राहा." असं दबलेलं इंजिन थ्रॉटल दाबून चालवत राहिलं की पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो, कार्बन धरतो. ते बिल कोण भरणार, तो?

मग त्याचा माणूस आला ट्रायलला. हातात मोबाईल, त्यावर जीपीएस. ससून डॉकवरून दक्षिणेला बोट सोडली आणि ओरडला, "साडेएकोणीस! बघा, वाढला की नाही!" उधाणाची ओहोटी होती, पाणी आमच्याच दिशेने बाहेर धावत होतं. मी बोट वळवली आणि त्याच पट्ट्यात परत आणली. साडेपंधरा. दोन्हींची सरासरी काढा, तेच साडेसतरा. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोराला जे कळतं ते बोटीचे पार्ट विकून पोट भरणाऱ्याला कळू नये? की कळत होतं आणि तरी बोलला? मला दुसरंच खरं वाटतं.

त्या रात्री मी स्वतः कागद घेऊन बसलो. आरपीएमला गिअर रेशोने, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे जितके फेरे लागतात त्याने, भागा, इंचातल्या पिचने गुणा आणि १२१५ ने भागा, नॉट मिळतात. आमचा रेशो २, पंखा १३ चा, आरपीएम ४८००. उत्तर पावणेसव्वीसच्या आसपास. प्रत्यक्षात मिळत होते १८. हिशेबातला वेग आणि खरा वेग यांतली ही तूट म्हणजे स्लिप, ती जवळजवळ ३० टक्के! चांगल्या चालणाऱ्या अशा बोटीला ती १० ते २० टक्क्यांत असते. म्हणजे दुखणं पिचचं नव्हतंच. बोटीला काहीतरी मागे ओढत होतं.

रविवारी बोट बाहेर काढली. तळाला हात लावला आणि तळहात सोलला. बोटाच्या पेराएवढे बार्नॅकल, म्हणजे तळाला चिकटणारे कवचाचे जीव, पांढरे, करवतीसारखे, सगळ्या कीलभर, तळाच्या मधल्या कण्यावर. मुंबईच्या कोमट पाण्यात महिनोन् महिने मुरिंगवर (पाण्यातच बांधून) ठेवलेल्या बोटीचं हेच होतं. मागचा ड्रेन प्लग काढला तर डेकखालून पाणी यायला लागलं, थांबेचना. बादल्यांनी मोजलं, ७० लिटर. सत्तर किलोचा एक माणूस आम्ही रोज फुकट फिरवत होतो. ट्यूब दुपारी उन्हात टणक लागायच्या, पाण्यात गार झाल्या की मऊ पडून मागची टोकं पाणी ओढत राहायची. जुन्या पंख्याच्या एका पात्याची कड तरंगत्या लाकडावर आपटून वाकलेली, आणि इंजिनाची कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पट्टी, कीलच्या दोन इंच खाली. गिअरकेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या टोकाचा, तेवढा जास्तीचा भाग पाण्यात घासत होता.

तळ खरवडला, पाणी काढलं, ट्यूबमध्ये गेजने ०.२५ बार हवा भरली. पातं सरळ करून घेतलं. इंजिन बोल्टची दोन भोकं वर घेतलं, वळणावर पंखा हवा ओढत नाही ना ते पाहिलं, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार तपासली. जुनाच १३ चा पंखा. ५४०० आरपीएम, आणि भरतीबरोबर व भरतीविरुद्ध दोन्ही फेऱ्यांची सरासरी साडेतेवीस. खर्च पंख्याच्या किमतीच्या पावही नाही.

१५ चा पंखा परत घ्यायला दुकानदार तयार नाही, "वापरलेला आहे" म्हणतो. परवा त्याचाच फोन. ५० हॉर्सपॉवरचं इंजिन आलंय, स्वस्तात देतो म्हणे. आमच्या ट्रान्समवरच्या, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या फळीवरच्या, पाटीवर जास्तीत जास्त ४० लिहिलंय. ती पाटी वाचायलाही हा कधी आला नाही, आणि त्या बोटीत मी लोकांची पोरं उचलतो.