‘लिनक्सवर वायफाय चालत नाही’ म्हणे!

कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू नका, वायफाय चालत नाही. ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवायला नेट लागतं आणि नेटला ड्रायव्हर, म्हणजे अडकलातच. फार तर विंडोजचा ड्रायव्हर टाकून बघा, नाहीतर कुठलंही स्वस्त डोंगल (यूएसबीत खुपसायचं वायफाय) घ्या.

वायफाय चालणार की नाही, हे लॅपटॉपमधल्या कार्डाची चिप ठरवते. इंटेलची असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. त्रास देतात त्या ब्रॉडकॉमच्या जुन्या आणि रिअलटेकच्या काही चिप. मेसेजवाल्याचा अनुभव बहुधा तिथलाच असावा, आणि एके काळी तो रास्तही होता. डेबियन या लिनक्सच्या प्रकारासारखी मंडळी तर कंपन्यांचं बंदिस्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) मुख्य इन्स्टॉलरबाहेरच ठेवायची. 2022 मध्ये त्यांनी मतदान घेऊन हे बदललं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं. मेसेज मात्र तिथेच अडकलाय.

मुळात लिनक्स टाकायच्या आधीच खात्री करता येते. पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालू करा आणि कोपऱ्यातल्या चिन्हात आसपासची नेटवर्कं दिसतात का बघा. दिसली तर विषयच संपला. नाही दिसली तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय -के’ द्या (इंग्रजी लहान अक्षरांत: lspci -k). कार्डाचं नाव कळतं, त्याला ड्रायव्हर लागलाय का तेही कळतं. मग ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list). तिथे ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर भावा, ड्रायव्हर शोधत बसू नकोस, लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण बघ. जुन्या मशिनींवर ते सरकून बंद झालेलं असतं आणि शिव्या लिनक्सला पडतात.

आता ‘अडकलातच’चं. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेट वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डेटा संपत आला असेल तर फोन होस्टेलच्या वायफायला जोडून बघा. बऱ्याच फोनांत तेच नेट केबलमधून पुढे जातं. मग लिनक्सच्या मिंट या प्रकारात ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबुंटू या प्रकारात ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या.

नवखे खरे फसतात ते याच्या पुढच्या पायरीवर, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो. लोक घाबरून ‘कंटिन्यू’ दाबतात, ड्रायव्हर लोडच होत नाही. तिथे ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

विंडोजच्या ड्रायव्हरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. विंडोज एक्सपीच्या काळात विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवायची एनडिसरॅपर नावाची खटपट होती. आज ती विंडोज ड्रायव्हरची सीडी कपाटातच राहू दे.

राहिलं डोंगल. सल्ला वाईट नाही, ‘कुठलंही’ हा शब्द घातक आहे. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळ्या चिप निघतात, खोक्यावर फक्त बारीक अक्षरात व्ही-2, व्ही-3 असा फरक. काही स्वस्त डोंगलं तर आधी विंडोज ड्रायव्हरची डिस्क म्हणूनच उघडतात. डोंगलमधली चिप मीडियाटेकची एमटी-7612-यू किंवा अथेरॉसची एआर-9271 असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. राजारामपुरीतल्या दुकानात जाताना लॅपटॉप आणि तो लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या, काउंटरवरच लावून बघा. दुकानदार लावू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.