रक्त नाही म्हणून गॉडझिला लहान मुलांचा होत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो: ‘गॉडझिलाचे सिनेमे मुलांना बिनधास्त दाखवा. रक्तपात नाही, नुसती इमारतींची मोडतोड. खोटं असतं हे मुलांना कळतंच. शिवाय सेन्सॉरने पास केलेत.’ गॉडझिला म्हणजे जपानी सिनेमांतला, मूळ कथेत हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीने जागा झालेला महाकाय राक्षस. मला या मजकुरातलं काहीच पटत नाही.

आधी रक्तपाताचं बघू. इशिरो होंडा यांच्या १९५४च्या मूळ चित्रपटात रक्त फारसं नाही, हे खरं. पण जळत्या टोकियोत एक आई लेकरांना कवटाळून बसलीय आणि ‘आता आपण बाबांकडे जाणार’ असं त्यांना सांगतेय. पुढे इस्पितळात एका लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतात आणि ते कडकड वाजायला लागतं. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. सप्टेंबरात बोटीवरचा एक जण दगावला, नोव्हेंबरात हा चित्रपट लागला. मोठ्यांनी तो जरूर पाहावा. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात मात्र ती आई घर करून बसेल, आणि ‘बाबांकडे म्हणजे कुठे?’ याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

‘खोटं असतं हे कळतं’ म्हणे! चार-पाच वर्षांचं मूल दात, डोळे आणि डरकाळीलाच घाबरतं. तिथे समजावणं कामाचं नाही, कुशीत घ्यावं लागतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तो प्राणी खोटा आहे हे ठाऊक असतं, पण खऱ्या आयुष्यात घडू शकेल ते त्याला जास्त लागतं. २०२३च्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये युद्धात अनाथ झालेल्या चिमुरड्या अकिकोला सांभाळणारी नोरिको हल्ल्यात हरवते. तिथे मुलाला रडू फुटतं ते अकिकोसाठी.

राहिला सेन्सॉरचा दाखला. ‘यूए’ म्हणजे पालकांनी विचार करून ठरवावं. २०२४च्या नियमांनी त्यात ७+, १३+ आणि १६+ असे टप्पेही आले आहेत. पोस्टरवरचा तो आकडा तिकीट काढण्याआधी वाचा.

मुलांसाठीच काढलेला गॉडझिलाही आहे. १९६९च्या ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’मध्ये आई-वडील कामावर गेल्याने एकटा पडलेला मुलगा स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो. सुरुवात त्याने करा. १९५४चा चित्रपट मूल बारा-तेरा वर्षांचं झाल्यावर, शेजारी बसून दाखवा.