ताडपत्री काढू नका: घराच्या विम्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

वादळ येऊन गेलं की दापोलीपासून मालवणपर्यंतच्या वाडीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. 'घराचा विमा असेल तर हे वाचाच' असा मथळा आणि खाली सहा सूचना. या वेळी तो हर्णैला माझ्या आत्याकडे पोचला आणि तिने छपरावर घातलेली ताडपत्री काढायला गडीमाणूस बोलावला. कारण पहिलीच सूचना अशी आहे: 'सर्वेअर येईपर्यंत एक कौलही हलवू नका. ताडपत्री टाकलीत तर दावा बाद.' (सर्वेअर म्हणजे नुकसान पाहून मोजायला कंपनीने नेमलेला माणूस.)

सहांमधली ही सगळ्यात घातकी, म्हणून आधी हीच घेतो.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागतं. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही ठरलेल्या मजकुराची पॉलिसी विमा नियामकाने लागू केली. तिच्यात लिहिलंय की कंपनीने पाहणी करून संमती देईपर्यंत मोडक्या वस्तू विकायच्या किंवा टाकून द्यायच्या नाहीत, धुवायच्या नाहीत, राडारोडा काढायचा नाही, दुरुस्ती सुरू करायची नाही. मेसेज लिहिणारा इथवर वाचून थांबलाय. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कुणाला इजा होऊ नये किंवा नुकसान आणखी वाढू नये म्हणून हे करावं लागलं, तर करता येतं. शिवाय नुकसान वाढू न देणं ही त्याच पॉलिसीने घरमालकाची जबाबदारी ठरवली आहे. म्हणजे ताडपत्री घालणं हा गुन्हा नाहीच, ते तुमचं काम आहे.

जूनमध्ये कोकणात छप्पर आठ दिवस उघडं ठेवलं तर काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पहिल्या दिवशी गेलेली असतात शे-दोनशे कौलं. चार दिवसांत माळ्याची पाटई (लाकडी फळ्या) फुगते, भिंतीचा चिरा (जांभा दगड) पाणी पितो, गिलावा सुटतो, वायरिंगमध्ये ओल जाते, गाद्या आणि कणगीतलं भात कुजतं. मग सर्वेअर दोन नुकसानं वेगळी मांडतो: वाऱ्याने झालेलं आणि उघडं ठेवल्याने झालेलं. दुसऱ्याचे पैसे कापले गेले की भांडायला जागा उरत नाही.

झाकायचं, पण क्रम सोडायचा नाही. आधी बाहेरून चारही कोपऱ्यांतून घराचे फोटो काढा, तेही शेजारचं घर किंवा घर क्रमांकाची पाटी चौकटीत येईल असे. मग आत उभं राहून वर फोटो काढा, जिथून आभाळ दिसतंय तिथला प्रत्येक. दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत न थांबता एक व्हिडिओ. मोडलेल्या वाशाचं टोक अगदी जवळून घ्या. ताज्या मोडीचं लाकूड आतून उजळ दिसतं, दोन-चार पावसांत ते काळवंडतं, आणि मग वासा वादळात मोडला की आधीच कुजला होता हा वाद सुरू होतो. कुजलेल्या, वाळवी लागलेल्या लाकडाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून हा एक फोटो दहा फोटोंच्या तोडीचा. एवढं झालं की ताडपत्री घाला. फुटकी कौलं पऱ्ह्यात (ओढ्यात) टाकू नका, अंगणात एका बाजूला रचा, सर्वेअरला मोजता येतील अशी. ताडपत्री, सुतळी, मजुरी यांच्या पावत्या ठेवा. आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा: 'पाऊस चालू असल्याने तात्पुरतं झाकत आहोत, आधीचे फोटो जोडले आहेत.' निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, ३ जून २०२० नंतर, कितीतरी गावांत वीज आणि रेंज दोन्ही गेली होती. अशा वेळी मुंबईतल्या नातेवाइकाने पॉलिसी क्रमांक सांगून फोन केला, मेल टाकला, तरी चालतं. दाव्याचा नोंदणी क्रमांक मात्र मागून घ्यायचाच.

पुराचं घर असेल, चिपळूण-महाडसारखं, तर चिखल काढण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून फोटोत घ्या, प्रत्येक खोलीत. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप यांच्या मागच्या पट्टीवरचा क्रमांक टिपा. ओली वस्तू 'चालते का बघू' म्हणून लावू नका. शॉर्ट होऊन ती जळली तर यंत्राचं स्वतःचं तसलं नुकसान पॉलिसीत बसत नाही, आणि पुराने गेली की विजेने, हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात येतं. कुजलेल्या गाद्या आरोग्यासाठी टाकाव्याच लागतात, तेव्हा सगळ्या एकत्र ठेवून फोटो काढा आणि मग टाका.

दुसरी सूचना: '४८ तासांत सर्वेअर आला नाही तर दावा आपोआप मंजूर.' असं कुठेही लिहिलेलं नाही. जून २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याने अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. या मुदती हुकल्या तर तक्रारीचा हक्क मिळतो, मंजुरी मिळत नाही. मेसेजवर विसंबून गप्प बसलेला माणूस लेखी पाठपुरावा करायचं विसरतो, खरं नुकसान ते.

तिसरी: 'तलाठ्याचा पंचनामा झाला की कंपनीला पैसे द्यावेच लागतात.' पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्या मदतीचे दर ठरलेले आहेत. २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. विम्याचा हिशेब यापासून अगदी निराळा आहे. पंचनाम्याची प्रत पुरावा म्हणून उपयोगी, ती घ्याच, पण तलाठ्याकडे नाव नोंदवलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

चौथी: 'कौलारू घर कच्चं धरतात, विमा लागू नाही.' साफ खोटं. पॉलिसीतली कच्च्या बांधकामाची व्याख्या लाकडी फळ्या, झावळ्या, गवत, बांबू, ताडपत्री अशा भिंती-छपरांची आहे. चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलं त्यात येत नाहीत. कुंपणाची भिंत, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, छपरावरची सौर पॅनेलंही घराचा भाग म्हणून धरली जातात. कौलारू घरांचे दावे कापले जातात ते अंदाजपत्रकामुळे. 'छप्पर दुरुस्ती, २,५०,०००' अशी एका ओळीची चिठ्ठी मिस्त्रीकडून आणली की कात्री लागणारच. कौलं किती, कोन्याची वेगळी किती, वासे किती फूट, रीपा किती, सुताराची मजुरी किती, जुनं छप्पर उतरवायची किती, हे सुटंसुटं लिहून घ्या.

पाचवी, 'जुनी बिलं नसतील तर दावा नामंजूर', हिचं उत्तर त्याच जून २०२४ च्या परिपत्रकात आहे: कागदपत्रं नाहीत एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. बिल असेल तर काम लवकर होतं, एवढंच.

सहावी, नारळ-सुपारीची. 'बागेचं नुकसानही घराच्या पॉलिसीतून मागा.' घराच्या पॉलिसीत बाग नसते. माड छपरावर पडला तर छपराचे पैसे मिळतात, माडाचे नाहीत.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी मात्र कोकणात खरोखर अडतात. एक, समुद्र किंवा खाडी हळूहळू जमीन खात गेली आणि घर खचलं, तर पॉलिसी किनाऱ्याची धूप स्पष्ट शब्दांत वगळते. दरड कोसळली तर संरक्षण आहे, धुपेला नाही. दोन, चाकरमान्यांची बंद घरं. जुन्या पद्धतीच्या आगीच्या पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची लेखी संमती नसली, तर संरक्षण थांबतं. गणपती ते शिमगा कुलूप असेल तर तुमच्या पॉलिसीत हे कलम आहे का ते पावसाआधी बघा आणि कंपनीकडून नोंद करून घ्या.

कंपनीने कमी पैसे दिले तर 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या कागदावर घाईने सही करू नका. सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागा. तो अहवाल हा शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. सोबत काय जोडायचं? ताडपत्री घालण्याआधी काढलेले तेच फोटो.