टेम्पमधली उष्टी पानं

आमच्या जळगावच्या ऑफिसात अजून सीव्हीएस आहे, म्हणजे कोडमधले बदल सांभाळून ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर. हसू नका. त्याच कामाचं नवं गिट २००५ मधे आलं, आमच्याकडे ते "दिवाळीनंतर" येणारे, फक्त कुठल्या दिवाळीनंतर ते कोणी बोलत नाही.

तर मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ डिग्री, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि चेकआउट मारलं (सर्व्हरवरून कोड उतरवायला घेतला) की सर्व्हर म्हणतो डिस्कवर जागा नाही. डिस्कवरची जागा दाखवणारं डीएफ मायनस एच मारलं तर निम्मी डिस्क रिकामी! म्हटलं याला ऊन लागलं. अर्ध्या तासाने टाळकं चाललं, त्यालाच मायनस आय मारून पाहिलं, आयनोड (दर फाईलमागे लागणारी एक नोंद) १०० टक्के संपलेले. म्हणजे गोडाउनात जागा ढीगभर, पण पावतीपुस्तक संपलेलं.

खाल्ले कोणी, तर टेम्प या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमधल्या सीव्हीएस-सर्व्ह नावाच्या डिरेक्टऱ्यांनी, नावाला चिकटून प्रोसेसचा नंबर. कोणी कनेक्ट झालं की सर्व्हर अशी एक मांडतो, आत प्रोजेक्टचे फोल्डर, त्यांच्या पोटात सीव्हीएस नावाचं पिल्लू, त्यात एन्ट्रीज नि रिपॉझिटरी अशा चिमूटभर फायली. काम नीट संपलं तर स्वतःच आवरतो. पण मधेच लाईट गेली, कनेक्शन तुटलं, प्रोसेस मेली, की कधीकधी सगळं तसंच पडून. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जायला कारण लागत नाही. शेतातल्या भरीत पार्टीसारखं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत कुटली, कळण्याच्या भाकरीसोबत हाणली आणि केळीची पानं तिथेच टाकून गाडीला किक.

मी तावातावात न विचारता पुसणारं आरएम मायनस आरएफ मारलं, शेवटी स्टार, म्हणजे त्या नावाच्या झाडून सगळ्या. दोन मिनिटात पलीकडच्या टेबलवरून, आपले बदल सर्व्हरवर जमा म्हणजे कमिट करत बसलेले भाऊ ओरडले, "काय व्हयनं रे भो? मना कमिट कथा गया?"

जेवत्या माणसाचं पान उचललं होतं मी!

नंबर पीएसमधे, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत बघून मगच उडवायचं हे तेव्हा सुचायला हवं होतं, पण एवढ्या उन्हात कोणाला सुचतं. आता सीव्हीएसला टेम्पची जागा ठरवणारं मायनस कॅपिटल टी देऊन वेगळ्या पार्टिशनवर पंगत बसवलीये, आणि पहाटे ३ ला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम करणारा प्रोग्राम) येऊन एक दिवसापेक्षा शिळं तेवढं उचलतो.

भाऊंचा विश्वास मात्र गेला तो गेलाच. अजून कमिट मारायच्या आधी खुर्ची वळवून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "जेवू ना?"